बैलानं टाकलेली पुरणपोळी

बैलानं पुरणपोळी तोंडातून टाकून दिलेली तुम्ही कधी पाहिली आहे? मी पाहिली. पोळ्याच्या दिवशी, आमच्याच दारात, गल्लीतल्या झाडून साऱ्या बायांसमोर. आणि ती पोळी माझ्या हातची होती.

माझं माहेर अकोला जिल्ह्यात, बाळापूरकडं. मी अमरावतीत राहते. बाबांना साखरेचा आजार. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काही केल्या वाळेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि एवढ्यावरच थांबेल असंही नाही. जन्मभर वखरामागं चाललेला माणूस!

भाऊ-वहिनींनी मात्र पथ्यात कसूर ठेवली नाही. बाबांची भाजी वेगळी, वरण वेगळं, सकाळी मेथ्यांचं पाणी, एक दिवसाआड कारलं. गोळ्या वेळेवर. तरी साखर जागची हलेना. रिपोर्ट आला की भाऊ डोक्याला हात लावून बसायचा.

त्यात पोळा आला. आमच्या घरी पोळ्याची पहिली पोळी अर्धी बैलाला भरवतात आणि उरलेली अर्धी घरधनी खातो. मग बाकीच्यांची पानं वाढायची. फोनवर मी म्हटलं, यंदा तेवढं राहू द्या.

"अर्ध्या पोळीनं काय होते वं?" बाबा म्हणाले.

अर्धीच्या चार होतात, वर तुपाची वाटी रिकामी होते, हे मला काय नवीन आहे? मी सुट्टी टाकली आणि एसटी धरली. मोबाइलवर एक कृती पाहून ठेवली होती. पुरणात गूळ अजिबात नाही, त्याऐवजी स्टीव्हियाच्या गोड पानांची हिरवी पूड. कणकेत ज्वारीचं पीठ आणि जवस. म्हटलं, बैलाचीही हीच करायची, म्हणजे बाबांच्या वाट्याला येईल ती अर्धीही हीच.

"ताई, बैलापुरती तरी गुळाची करू द्या," वहिनी चाचरत म्हणाली.

"बैलाले काय कळते वहिनी?" मी तिला उडवून लावलं.

नैवेद्याचं चाखायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. पुरणाचा कणही जिभेवर ठेवायचा नाही. मी ती पाळली, हिरवी पूड अंदाजानंच सढळ हातानं घातली. वेलची-जायफळाचा वास असा सुटला होता की मीच माझ्यावर खूश.

संध्याकाळी तोरणाखालचा पोळा फुटला, बैल पांगले, आमची जोडी घरी आली. वहिनीनं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं. आदल्या दिवशी खांद्याला तूप-हळद चोळून बाबांनी त्यांना रीतसर बोलावणं केलं होतं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आता त्यांनी मोठ्या हौसेनं अर्धी पोळी पांढऱ्या बैलाच्या तोंडाशी नेली. त्यानं हुंगली, तोंडात घेतली, जबडा दोनदा हलवला. आणि लाळेसकट ती बाबांच्या पायावर टाकली!

"अवो माय!" शेजारची काकू ओरडली. "जेवाले बोलावलं अन् पाव्हना उपाशी!"

धरणी दुभंगावी असं झालं मला. पण खरा धक्का पुढंच होता.

बैलानं मान पुढं काढली आणि बाबांच्या नव्या सदऱ्याच्या खिशात तोंड खुपसलं. बाबा एकदम कावरेबावरे झाले. "हट! हट म्हन्तो ना!" बैल ऐकतो कशाला? तो सराईतासारखा खिसाच ओढायला लागला. खिसा टर्रकन फाटला आणि गुळाचे खडे अंगणात विखुरले. बैल ते शांतपणे चाटून खाऊ लागला.



"बाबा," भावानं विचारलं, "हा गूळ कोनासाठी?"

"बैलासाठी."

"सारा?"

बाबा ओट्यावर टेकले. अंगठ्याची पट्टी चिखलानं भरली होती. "एक खडा त्याले, एक मले," ते म्हणाले. "रोजचंच हाये."

रोज! इकडं वहिनी पहाटे उठून मेथ्या गाळतेय, भाऊ कापसाची कामं सोडून अकोल्याच्या चकरा मारतोय, मी तिकडं देव पाण्यात घालून बसलेय, आणि हा माणूस गोठ्यात गूळ खातोय! वहिनी तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

"पाय तोडतीन तुमचा, बाबा!" मी किंचाळले. गल्ली ऐकत होती, ऐकू दे. "समजते का तुमाले?"

"समजते."

"मंग काहून?"

बाबांनी बैलाला जवळ ओढलं. "तुमी सारे आतमंदी संगं जेवता. माह्यं ताट येते खाटेवर, झाकून. तुही माय होती तंवर ती तरी बसे जवळ." त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "आता हा एकटाच खाते माह्यासंगं."

भाऊ मुळातच तापट. त्याला राग आला, का लाज वाटली, कोण जाणे. त्यानं ताटातली उरलेली अर्धी पोळी उचलली. "ताई अमरावतीहून येऊन इतकी मेहनत करते, अन् तुमाले हे सोडून गूळच लागते?" असं म्हणत त्यानं मोठा घास तोडून तोंडात कोंबला.

चावता चावता तो थांबला. तोंड वाकडं झालं. घास गिळवेना आणि सणाच्या दिवशी थुंकवेना. शेवटी मोरीकडं धावला, चूळ भरून आला.

"बाबा, हे तं कडू जहर हाये!"

बाबा रागावले नाहीत. आवाजही चढवला नाही.

"मंग?" ते म्हणाले. "सालभरापासून मी काय खाऊन राहिलो, वाटते तुले?"

मी वहिनीकडं पाहिलं, वहिनीनं भावाकडं. वर्षभरात आमच्यापैकी एकानंही बाबांच्या ताटातला घास तोंडात घालून पाहिला नव्हता.