मालकांच्या पायावर पाय

माणसं रिटायर झाली की देवदर्शनाला जातात, रंकाळ्यावर फिरतात, नातवंडं सांभाळतात. आमच्या मालकांना काय खूळ लागावं, तर लोखंड ठोकायचं! जन्मभर फाउंड्रीत ग्राइंडरपुढं उभं राहून लोखंडच बघितलं, आणि सुटले तर परत लोखंडाकडंच गेले. उद्यमनगराच्या मागच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडात दर रविवारी दहा-बारा हौशी माणसं भट्टी पेटवतात. भाता मंडळ म्हणतात त्याला. आमच्या कोल्हापुरात मंडळ कशाचंही निघतं, पण पगार नाही, गिऱ्हाईक नाही आणि नुसत्या हौसेनं घाम गाळायचा, असलं मंडळ मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

माझा राग पहिल्यापासून नाकावर. दर रविवारी मालक घरी यायचे ते शर्टाला ठिणग्यांची नवी भोकं पाडून. शेवटी एका रविवारी चाळणी झालेला शर्ट घेऊन मी रिक्षा केली आणि थेट शेडात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "हितले वस्ताद कोण हाय?"

भट्टीजवळून एक पांढऱ्या मिशांचे, काटक म्हातारे वळले. पिढीजात लोहार, मंडळाला शिकवणारे. त्यांच्या सांडशीत लालभडक कुऱ्हाड होती, घण मारणारा गडी आला नव्हता आणि आमचे मालक कोळसा आणायला गेले होते. मी शर्ट वर केला, तोंड उघडलं, तर वस्ताद म्हणाले, "वहिनी, लोखंड थंड व्हायलंय. त्यो घण उचला आन् हितं हाणा. मग काय ते बोला."

मी रागाच्या भरात उचलला आणि हाणला. अगं बाई गं! तापलेलं लोखंड भिजल्या कणकेसारखं दबलं. मी परत हाणला. आणखी हाणला. कुऱ्हाड झाली तेव्हा मला घाम फुटला होता, पदर कमरेला खोचलेला होता आणि मी हसत होते. कशासाठी आले होते ते मला आठवेना. तो शर्ट तिथंच हात पुसायच्या फडक्यात गेला, आणि पुढच्या रविवारी मालकांच्या स्कूटरवर मागं मी.

या कामाला माणसं दोन लागतात. एक हातोडीवर, एक घणावर. हातोडी लहान, पण हुकूम तिचा. हातोडीवाला एका हातात सांडशीनं लोखंड धरतो आणि दुसऱ्या हातातल्या हातोडीनं जिथं टकटक करतो तिथं घण पडला पाहिजे. आणि हातोडी ऐरणीच्या मोकळ्या अंगावर ठण्णकन वाजली की घण थांबला पाहिजे. त्या ठण्णनंतर एक जरी घाव पडला, तर कामाचा सत्यानाश, आणि वेळ वाईट असली तर बोटांचाही. म्हणून वस्तादांचा नियम सरळ होता. ज्याला ठण्ण कळत नाही त्याच्या हातात घण नाही.

सरावाला हातोडी कुणालाही मिळते, पण स्वतःची हातोडी मात्र कमवावी लागते. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी रोजच्या वापरातली एक वस्तू करून दाखवायची. वस्ताद ती सगळ्यांसमोर तपासतात. उतरली तर हातोडी तुमच्या हातात देतात आणि ती वस्तू खंडेनवमीला मंडळाच्या हत्यारांबरोबर पूजेत मांडतात. मी ठरवलं, आपण विळी करायची. कसबा बावड्यातल्या आमच्या घरातून रोज कॉलेजच्या पोरांचे डबे जातात. कांदा, कोबी, मेथी, ढीगच्या ढीग मी विळीवर बसून चिरते. बाजारातल्या विळीचं पातं पंधरा दिवसांत रुसतं. माझ्या हातानं केलेल्या विळीवर मला भाजी चिरायची होती, आणि ती हातोडी तर मला पाहिजेच होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हुकमाचे डबे भरले, आता एकदा हुकूम आपला.

घणावर मालकच पाहिजेत हा माझाच हट्ट. घरात मी काही सांगितलं की "व्हय, व्हय" म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. पालथ्या घड्यावर पाणी! म्हटलं, घरात नाही तर नाही, ऐरणीवर तरी ऐकतील.

कसलं काय. ट्रकच्या कमानपाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, तुकडा तापवून मी पातं ओढत आणलं, छान बाक दिला, ठण्णकन थांबायची खूण केली, आणि मालकांनी वर आणखी एक घाव घातला. पातं मधोमध चेपलं. मी पुन्हा नवीन तुकडा घेतला, पुन्हा तेच. हुपरीचे एक चांदीकाम करणारे भाऊ मंडळात आहेत, आठवडाभर पैंजणांची बारीक ठोकाठोक करून रविवारी जरा मोठं काही हाणायला मिळावं म्हणून येतात. ते मालकांकडं बघून म्हणाले, "सोनाराचे शंभर घाव आन् लोहाराचा एक म्हणत्यात. आमच्या भाऊंचा एक जरा जादाच पडायलाय की!" सगळा शेड हसला. मंडळात एक दातांची डॉक्टरीण आहे, तिच्या मनगटात पैलवानाचं बळ. ती हळूच म्हणाली, "वहिनी, परीक्षेला घणावर मी येते. घरचा माणूस घरी." वस्ताद मिशीवरून हात फिरवत मालकांकडं बघत राहिले.

मला असा संताप आला होता! मालक कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून सांडश्या लावत उभे होते. तेवढ्यात चहा आला. हुपरीचे भाऊ मागून मालकांना ओरडले, "भाऊ, चहा!" मालक वळले नाहीत. परत ओरडले. तरी नाहीत.

आता बघा, नवरा बायकोकडं कान करत नाही, समजू शकते. पण आमचा माणूस आणि चहा सोडतो? मी त्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हटलं, "तुमची बहीण एक नंबरची आगाऊ बाई हाय." सगळ्या संसारात बहिणीला नाव ठेवलेलं त्यांनी एकदाही खपवून घेतलं नव्हतं. ते शांतपणे सांडश्या लावत राहिले.

हा माणूस मला टाळत नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांना समोर बसवलं. समोर तोंड दिसलं की त्यांना ओठांवरून बरंचसं कळतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हटलं, "कवापासनं?" आधी उडवाउडवी केली. मग म्हणाले, "फाउंड्रीतल्या शेवटच्या वर्सांपासनं. हळूहळू गेलं." मी म्हटलं, "आन् मला सांगायला काय तोंडाला कुलूप लागलंतं?" अशी भडकले की शेजारीण डोकावून गेली. मालक खाली मान घालून म्हणाले, "कानात मशीन घातलं की माणसं म्हातारं म्हणत्यात. आन् आता वस्तादांना कळलं तर घण जातोय माझा. येवढा एक रविवार हाय गं मला."

राग होताच, पण त्या शेवटच्या वाक्यानं माझा जीव कळवळला. सोमवार ते शनिवार हा माणूस टीव्हीपुढं मुक्यानं बसून असतो आणि रविवारी सकाळी दाढी करून माझ्या आधी तयार असतो, हे मी रोज बघत होते. डॉक्टरीणबाईला घणावर घेतलं तर माझी विळी होणार होती, यात शंका नाही. पण मग मालकांनी त्या शेडात कशासाठी यायचं?

चार दिवसांनी गल्लीत एका बारशाला गेलो. पानं वाढली होती. शेजारी यजमानांचे व्याही बसलेले, आणि मालकांनी यजमानांच्या पोराला आधी कुठल्या पोरीनं नाकारलं होतं ती गोष्ट काढली! मी नेहमीसारखा त्यांच्या पायावर पाय दिला. वाक्य अर्ध्यात तुटलं, मालकांनी जिलबी तोंडात घातली आणि गप्प बसले. लग्न झाल्यापासून आमची ही खूण आहे. नवऱ्याला पाय लागला तर पाया पडायचं असतं म्हणे. मी प्रत्येक वेळी पाया पडत बसले असते तर कंबर मोडली असती माझी.

आणि तिथंच, बारशाच्या पंगतीत, माझ्या डोक्यात उजेड पडला. ऐरणीला मी एका कडेला उभी असते, मालक शेजारच्या. आमच्या पायांत वीतभर अंतर!

मग आम्ही परसात सराव केला. ऐरण म्हणून लाकडाचा ओंडका, हातोडी म्हणून लाटणं, घण म्हणून मुसळ. मी टकटक करायची, ते मारायचे, मी पाय द्यायची, ते थांबायचे. शेजारीण कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "वहिनी, ह्या वयात सारखा पायावर पाय काय देताय वो?" मी म्हटलं, "तुम्ही बी देऊन बघा, लई गुण येतोय!" मालक हसत सुटले. माझे ओठ दिसले होते ना त्यांना. कित्येक वर्षांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर इतकं हसलो. मला फार बरं वाटलं.

परीक्षेच्या रविवारी शेड भरला होता. मी वस्तादांना दाखवायला ठण्ण वाजवणारच होते, पण खरी खूण खाली. कमानपाट्याचा तुकडा भट्टीतून काढला. टकटक, धाड. टकटक, धाड. मालकांचा घण माझ्या हातोडीमागं असा येत होता की मला पुढं बघायची गरजच पडली नाही. पातं लांब झालं, बाक आला, धार बारीक होत आली. ठण्ण. पाय. घण हवेतच थांबला! हुपरीचे भाऊ ओरडले, "नाद खुळा!" मग पातं तापवून तेलात बुडवलं, भक्कन जाळ उठला, आणि कुणीतरी म्हणालं, "जाळ आन् धूर संगटच!"

थंड झाल्यावर धार लावून पातं पाटावर बसवलं. वस्तादांनी आधी उसाचं कांडं चिरलं. सपकन दोन तुकडे. धारेवर बोट फिरवलं, कुठं वळली नव्हती, कुठं तुटली नव्हती. मग पिकून मऊ झालेला टोमॅटो घेतला. टोमॅटोची चकती इतकी पातळ पडली की पलीकडची वस्तादांची मिशी दिसत होती. "उतरली," वस्ताद म्हणाले, आणि हातोडी माझ्या हातात दिली.

काय ओरडले सगळे! मला दोन शब्द बोलायला सांगितलं. एरवी माझं तोंड बंद होत नाही, पण त्या दिवशी "भाजी चिरायला या समदी" एवढंच सुचलं. मी बाकावर मालकांशेजारी बसले, तर मालकच उठून उभे राहिले.

"मला येक सांगायचंय," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाय."

मी घाबरले. आता हा माणूस आपल्या हातानं आपला घण घालवणार! मी बसल्या जागेवरून त्यांच्या पायावर पाय दिला.

मालकांनी पाय काढून घेतला.

"पाय दे न्हायतर काय बी कर, आज मी थांबणार न्हाय," ते माझ्याकडं बघून म्हणाले, आणि मग सगळ्यांकडं वळले. "ठण्ण मला ऐकू येत न्हाय. ही पाय देत्या, मी थांबतो. दुसऱ्या कुणाबरबर मी घण मारला तर त्याची बोटं जातील, म्हणून सांगायलोय. वस्ताद, घण तुमच्याकडं ठेवा. उद्या मी कानाच्या डाक्टरकडं जातोय. माणसं म्हातारा म्हणू देत. आज हिला हातोडी मिळाली. ती कशी वाजत्या, ते मला ऐकायचंय."

डॉक्टरीणबाई रडत होती. हुपरीचे भाऊ चष्मा पुसत होते. वस्ताद उठून त्यांच्यासमोर गेले, तोंड नीट दिसेल असं उभं राहून म्हणाले, "मशीन येईस्तवर घण तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. फकस्त वहिनींबरबर मारायचा. मघापासनं मी तुमच्या पायांकडंच बघायलोय, लेका."

मालक खाली बसले. सगळ्यांसमोर मी वाकले आणि त्यांच्या पाया पडले. इतक्या वर्षांचं एकदमच.