बिनकुलपाचं मशीन

आर्मस ताकालाचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. हवामान खात्यावर नाही, डॉक्टरवर नाही, अंड्यांच्या खोक्यावर 'मोठी' असं छापलेलं असतं त्यावर तर अजिबातच नाही. चर्चच्या बायका निधीसाठी मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या करून विकायच्या. हा गडी दोन विकत घ्यायचा आणि घरी येऊन आधी काट्यावर ठेवायचा. कुठली तरी एक हलकी निघायचीच, मग आठवडाभर तेच पुराण. आयुष्यभर त्याने काउंटीच्या रस्त्यांवरून बर्फ लोटायची गाडी चालवली होती. वरून सगळं पांढरंशुभ्र दिसतं, खाली काय दडलंय ते पातं आपटल्यावरच कळतं. नोकरीतला हा धडा त्याने माणसांनाही लावून टाकला, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

त्याची बायको हेल्मी चर्चच्या गायनाला जायची. ती तालमीहून परत आली की आर्मस सहज गेल्यासारखा अंगणात जाई, गाडीच्या काचेला नाक लावून मीटरवरचे मैल बघे. चर्चला जाऊन यायला किती मैल पडतात ते त्याला तोंडपाठ होतं. हेल्मी आधी हसायची. मग हसायची थांबली, आणि मग तालमीला जायचीही थांबली. तेव्हा त्यांची लेक मार्लिस लहान होती. आईबरोबर तालमीला जायची आणि परत आल्यावर मागच्या सीटवरून बापाचं काचेला चिकटलेलं नाक बघायची. "हेल्मीला गाण्याचा कंटाळा आला," असं आर्मस लोकांना सांगायचा. आयुष्यात त्याने बिनतक्रार विश्वास ठेवला असेल तर या एका गोष्टीवर.

गंमत म्हणजे एवढ्या संशयी माणसाच्या दाराला कुलूप नव्हतं. सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या खाणवस्तीत कुणाच्याच दाराला नसतं. तांब्याची खाण केव्हाच बंद पडली, पण ही रीत गेली नाही. वादळात हात-दोन हातांपुढचं दिसेनासं झालं की माणूस सापडेल त्या दारात शिरतो. ते दार लावलेलं निघालं तर सकाळी त्याला खोऱ्यानेच काढायचा. म्हणून दाराला कुलूप लावणं म्हणजे तिकडे शेजाऱ्याला शिवी देणं. आर्मसच्या घराला किल्ली होती की नाही हे आर्मसलाही ठाऊक नव्हतं.

हेल्मी गेली आणि तिचं कॉम्प्युटरचं मशीन मागे राहिलं. आर्मस त्यावर क्रिबेज नावाचा पत्त्यांचा डाव खेळायचा, आणि मशीन पत्ते बघून खेळतं म्हणून त्याला शिव्या घालायचा.

ऑक्टोबरात मार्लिस ॲरिझोनाहून आली. एकटीच, आणि दोन दिवसांपुरती. ती तिकडे एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम करायची. घरात पाऊल ठेवल्यापासून नवऱ्याचे, ब्रेटचे, फोन सुरू. दर थोड्या वेळाने फोन वाजे, आणि ती उठून फोन स्वयंपाकघरभर फिरवून दाखवे: हे टेबल, हे बाबा, ही कॉफी. आर्मसला जावयाचं कौतुक वाटलं. बायकोची एवढी काळजी हल्ली कोण करतं? माणूस आपल्या वळणाचा आहे, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ती मशीनपुढे बसली आणि म्हणाली, "बाबा, यातली ऑपरेटिंग सिस्टिम होम आहे. ती प्रो करून देते."

"घरात आहे तर घरगुतीच असणार ना? मी काय इथे बँक चालवतो?"

तिने समजावलं. वरच्या आवृत्तीत बाहेरून आत येता येतं. ती तिथे बसून इथलं मशीन चालवेल, काही बिघडलं तर नीट करेल.

"तू माझ्या मशीनवर बसणार. आणि मी कुठे बसू?"

मार्लिस हसली नाही. पैसे तिने भरले, तेही रोख पैसे देऊन आणलेल्या कसल्याशा कार्डावरून, आणि आर्मसच्या मनात पाल चुकचुकली. स्वतःच्या खिशातून बापाचं मशीन वरच्या दर्जाचं करायचं पोरीला काय अडलंय? मशीन बंद झालं, चालू झालं, दिसायला होतं तसंच दिसलं. म्हणजे पैसे घेऊन काहीच केलं नाही, असं त्याचं मत पडलं. मग तिने त्याला पासवर्ड घातला: लहानपणीच्या कुत्र्याचं नाव, मुस्ती, आणि पुढे बापाच्या बर्फगाडीचा नंबर.

यावरून मात्र आर्मस भडकला. माझ्या घरात कुलूप? तुझ्या आईने असलं काही केलं नाही.

"बाबा, बाकी काहीही करा, हा काढू नका," मार्लिस म्हणाली. "बिनकुलपाच्या मशीनमध्ये कंपनीवाले बाहेरून कुणाला घेत नाहीत. नियमच आहे तसा. हा काढलात तर मला येताच येणार नाही."

कुलूप असेल तरच आत येता येतं, नसेल तर येता येत नाही. हे कुठलं शास्त्र? आर्मसने आयुष्यात एवढी उघड थाप ऐकली नव्हती. पण पोरगी निघायच्या घाईत होती, डोळे लालसर दिसत होते, म्हणून तो गप्प बसला.

शेजारच्या झोराकडे त्याने विषय काढला. झोराबाईला असल्या बाबतीत तेल ओतायला फार आवडायचं. तिच्या चुलतबहिणीच्या पोरांनी आधी असंच मशीन दिलं होतं म्हणे. मग आईवर नजर ठेवली, कुठे विसरते, कुठे चुकते ते टिपून ठेवलं, आणि वर्षाच्या आत घर विकून तिला वृद्धाश्रमात नेऊन टाकलं. "आता सांभाळून राहा रे बाबा," झोरा म्हणाली आणि दुसरा कप ओतून घेतला.

झालं. आर्मसला रात्रंदिवस एकच ध्यास. हे घर त्याच्या बापाने खाण कंपनीकडून घेतलेलं, मागची वाफ घ्यायची खोली, सॉना, आर्मसने स्वतः बांधलेली. इथून उचलून त्याला ॲरिझोनात नेऊन टाकणार? जिथे बर्फच नाही तिथे हा माणूस कशावर कुरकुरणार? त्या दिवसापासून तो मशीनपुढे धुतलेला शर्ट घालून बसू लागला. पहिल्यांदा वर्तमानपत्र उघडायचं, मोठ्याने वाचायचं, मगच क्रिबेज. मार्लिस बघत असेल तर बघू दे, म्हातारा ठणठणीत आहे.

बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकला होता तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, आर्मसच्या हातात झकास पानं, आणि अचानक स्क्रीनवरून खेळ गेला. कुलपाचं चित्र आणि पासवर्डची रिकामी चौकट. आपल्याच घरातून आपल्याला उंबऱ्याबाहेर काढून दार लावून घ्यावं तसं झालं त्याला. त्याने मुस्ती आणि गाडीचा नंबर घातला आणि आत शिरला. आत क्रिबेज होतंच, पण त्याच्यावर भलतंच पान उघडलेलं. पोरगी तिकडून आत शिरली होती, म्हणून त्याला बाहेर काढलं होतं तर. मार्क्वेट गावात भाड्याने द्यायची घरं. एका खोलीचं, तळमजल्यावर, ताबडतोब मिळेल.

एका खोलीचं.

त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. ॲरिझोनासुद्धा नाही. जवळच कुठेतरी एका खोलीत कोंबायचं, घर विकायचं, आणि मोकळं व्हायचं. पोटच्या पोरीने. आर्मसला राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. बराच वेळ धडपडून त्याने पासवर्ड बदलायची जागा शोधली. जुना विचारला तो दिला. नवा विचारला तिथे काहीएक न भरता पुढे गेला. आपल्या दाराला कुलूप नाही, तर याला कशाला? कुलूपच नसेल तर आता कोण कुणाला बाहेर ठेवतं बघू.

त्यानंतर स्क्रीन एकदाही मधेच गेली नाही. म्हणजे पोरीची ती थाप खरीच होती. आर्मसने झोराला बोलावून वेलदोड्याचा गोड पाव कापला.

रविवारी नेहमीसारखा मार्लिसचा फोन आला. तिचा फोन कायम स्पीकरवर असायचा, मागे ब्रेटचं खाकरणं ऐकू यायचं. हवापाण्याचं झालं, बर्फाचं झालं. मग तिने विचारलं, "बाबा, मुस्ती बरा आहे ना?"

आर्मसच्या कपाळाची शीर उडाली. मुस्तीला त्यानेच अंगणात पुरला होता, मार्लिस शाळेत असताना. ही स्मरणशक्तीची परीक्षा चालली होती तर.

"मुस्ती मेला तेव्हा तू वेणी घालायचीस. डोकं शाबूत आहे माझं."

"तसं नाही बाबा. मला वाटलं, तुम्ही त्याला बाहेर काढलंत की काय."

आता कुठे त्याच्या ध्यानात आलं, बोलणं पासवर्डचं चाललंय. "काढला," तो म्हणाला. "कायमचा."

 मग फोन ब्रेटने घेतला. कुठला कुत्रा, काय प्रकरण आहे, असं त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं. आर्मसला बरं वाटलं. ऐकून घेणारं कुणीतरी भेटलं. "तुझ्या बायकोला विचार. माझं घर विकून मला एका खोलीत टाकायला निघालीय. घरं बघते भाड्याची, मार्क्वेटला."

"मार्क्वेटला?" ब्रेट म्हणाला. "कधी बघते?"

"कधी म्हणजे? दुपारी."

"दुपारी ती कामावर असते. तिचा फोन संध्याकाळी मी बघतो, त्यात असलं काही नसतं. दवाखान्याचा मालक माझ्या ओळखीचा आहे, तिथल्या मशीनवर काही असतं तर त्याने मला सांगितलं असतं. आणि गाडीचे मैल तर मी रोजच्या रोज बघतो, बाबा. बरोबर भरतात."

गाडीचे मैल.

गाडीच्या काचेला टेकलेलं नाक त्याला दिसलं. नाक त्याचंच होतं. मागच्या सीटवर वेणी घातलेली पोरगी बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. हेल्मीला गाण्याचा कंटाळा आला नव्हता. कधीच आला नव्हता. एक खोली म्हाताऱ्यासाठी नव्हती. ती एका बाईसाठी होती, ताबडतोब हवी होती. घरी तिला काही लपवायला जागा नाही, कामावर नाही. म्हणून हजारो मैलांवरच्या बापाच्या मशीनमध्ये ती दुपारी येऊन बसायची, आणि जाताना मागे काही ठेवायची नाही. आणि पोरगी बापाकडे का येत नव्हती, भाड्याची खोली का शोधत होती, हेही त्याला कळलं. बापाने जावयाला सांगितलं असतं. आत्ता सांगितलंच की.

"बाबा?" ब्रेटचा आवाज अजून मऊच होता. "तुम्हाला कसं कळलं ती घरं बघते ते? कुणी सांगितलं?"

डोकं शाबूत आहे हे सिद्ध करायला ज्याने महिनाभर धुतलेले शर्ट घातले, त्या आर्मस ताकालाने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

"मुस्तीने," तो म्हणाला.

"कुणी?"

"मुस्तीने रे. आमचा कुत्रा. तो मला सगळं सांगतो. बाहेर काढला होता त्याला, पण दाराशी बसून रडतोय, थंडी केवढी आहे. आजच घरात घेतो परत. मार्लिसला सांग, मुस्ती जसा होता तसाच आहे. अगदी तसाच."

 मग ब्रेट हसला आणि फोनपासून तोंड फिरवून म्हणाला, "ऐकलंस का गं, म्हातारा कामातून गेला पार." आर्मसने हे वाक्य ऐकायची धास्ती महिनाभर घेतली होती. आता ते ऐकून तो सुटल्यासारखा खुर्चीत बसला. मागून मार्लिसचा आवाज आला, बारीक: "हो बाबा. घ्या त्याला आत."

त्याने फोन ठेवला आणि तडक मशीनपुढे गेला. नवा पासवर्ड काय ठेवायचा असं विचारलं तिथे एकेका बोटाने मुस्ती लिहिलं, पुढे गाडीचा नंबर घातला. मग खात्री करायला दोनदा बाहेर पडून दोनदा आत आला. झोराने दारातूनच विचारलं, काय रे, काय करतोस? त्याने सांगितलं, काही नाही, विसरायला होतंय हल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्क्रीनपुढे बसला, हात मांडीवर ठेवून. खेळ लावला होता, पण एक पान टाकलं नव्हतं. ब्रेटला पटलं असेल का, का तो नुसता हसला? पोरगी आज कामावर गेली असेल ना? जाऊ दिलं असेल ना? आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, पण असा संशय त्याला कधी चावला नव्हता. घड्याळ पुढे सरकत होतं. कॉफीवर साय धरली.

आणि स्क्रीनवरून खेळ गेला. कुलपाचं चित्र आलं, आणि खाली रिकामी चौकट.

आर्मसने कशाला हात लावला नाही. खुर्ची हळूच मागे घेतली, पायांचा आवाज न करता तो उठला, कोट चढवला आणि दाराबाहेरच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायला गेला.