मुडीत ठेवलेलं कोयनेल

लढाईच्या दिवसांत मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली आणि कॉलेजात शिकणारी माझी धाकटी बहीण वळकटी घेऊन कर्जतला घरी आली. मी तिथल्या शाळेत मास्तर. घरात आई, मी आणि आता ही. सगळं गाव तोंड पाडून बसलेलं, पण हिच्या अंगात वेगळंच वारं शिरलं होतं. संध्याकाळी ओटीवर बसली की तिचा एकच खेळ. सगळं बुडालं तर पुढे काय?

समजा सरकार गेलं, गाड्या बंद पडल्या, पोस्ट, बाजार, शाळा काही राहिलं नाही. मग मीठ कुठून आणायचं? काडेपेटीशिवाय विस्तव किती दिवस राखता येईल? डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन ती हे विचारून यायची. एकदा करंजाच्या तेलावर दिवा लावून दाखवला. घरभर वास सुटला. "माणसं पुन्हा सुरुवात कशी करतील, हे बघायला मिळालं तर काय मजा येईल रे, दादा!" म्हणायची. मला त्यात मजा दिसत नसे. मी मुळातला चिडका, आणि उद्या रॉकेल मिळेल की नाही या काळजीनंच अर्धा झालेला.

"तुझ्या त्या नव्या जगात मास्तर लागेल का गं?" मी खवचटपणे विचारलं.

"लागेल की. फक्त छडी घरी ठेवून यायचं."

आमच्याकडे हिवताप पाचवीला पुजलेला. पूर्वी त्यावरचं कोयनेल पोस्टात मिळायचं, पण ते जावा बेटातून येतं आणि बेट जपान्यांनी घेतलं, असं पोस्टमास्तर म्हणाले. घरात दोन पुड्या उरल्या होत्या. "एक आपल्याला, एक पुढच्या माणसांना," म्हणत बहिणीनं एक कुठेतरी ठेवून दिली. मी लक्ष दिलं नाही. दुसरी आईच्या तापात संपली.

फाल्गुनात ताप तिलाच भरला. तिसऱ्या दिवशी ती डोकं धरून ओरडू लागली. डॉक्टर म्हणाले, कोयनेल असेल तर आत्ता द्या, माझ्याकडे चिमूटभरही नाही. मी तिला हलवून हलवून विचारलं, ती पुडी कुठे आहे?

"बियाण्याच्या मुडीत," ती म्हणाली. "माणसं बाकी सगळं खातील, दादा. बियाणं नाही खाणार."

पळसदरीला आमचं थोडं शेत होतं, एक कूळ ते कसायचं. झोडणी झाली की तिथे निवडक भात पेंढ्यात घालून, करकचून आवळून त्याच्या गोल मुड्या बांधतात. पेरणीचं रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत त्या कोणी सोडत नाही. यंदा मुड्या बांधताना ती दिवसभर तिथेच होती. मी धावत पळसदरी गाठली, माळ्यावर चढलो आणि कोयत्यानं मुड्या फोडायला लागलो.

"आवं मास्तर, रोहिणीआदी मुडी सोडत नाय!" कुळाची बायको खालून ओरडत होती.

चार मुड्या फोडल्या. माळाभर भात झालं, पुडी नाही. तेवढ्यात कूळ शेतावरून आला. सांडलेलं बियाणं बघून तो रागावला नाही, मला त्याचं जास्तच वाईट वाटलं.

"आनकी एक व्हती," तो म्हणाला. "ती कशेळ्याला गेली."

त्याच मातीत तेच बियाणं सारखं पेरलं तर पीक कमी येतं, म्हणून ही माणसं दरवर्षी परगावच्या कुणाशी एखादी मुडी बदलतात. शेत आमचं, पण मला हे ठाऊक नव्हतं आणि तिलाही नव्हतं. तिला वाटलं होतं, जगात काहीही होवो, मुडी जागची हलणार नाही.

मी कशेळ्याला गेलो. तिथल्या माणसानं ती पुढे डोंगरातल्या एका सोयऱ्याला दिली होती. तो सोयरा बायकापोरांसह कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेला, आणि बियाणं कुणाकडे ठेवून गेला ते वाडीत कुणाला सांगता येईना. मी दारोदार विचारलं. हात जोडले, ओरडलो, शेवटी रडलो. लोक पाणी देत होते. मी परतलो तेव्हा आई ओटीवर बसली होती आणि आतला कण्हण्याचा आवाज थांबला होता. बहीण सकाळीच गेली होती.

रोहिणी लागल्या आणि डोंगरातला तो माणूस पत्ता काढत घरी आला. मुडीत पुडी सापडली होती, सोबत चिठ्ठी. "मला वाचता येत नाय. काय लिवलंय?"

अक्षर तिचं होतं. मी वाचलं. "मुडी सोडणाऱ्यास नमस्कार. म्हणजे तुम्ही अजून पेरता! फार बरं वाटलं. ही पूड हिवतापावर आहे, कडू आहे, गुळातून घ्या. आता मीठ कुठून आणता? गाड्या चालतात का? मुंबईत कोणी राहतं का? मला फार उत्सुकता आहे."

तो खूश झाला. इतक्या आपुलकीनं त्याची चौकशी कुणी केली नसावी.

"मीठ पेनच्या आगरातनं येतं," तो म्हणाला. "गाडी चालू हाय, मुंबईबी हाय. सगळं हाय म्हनावं. तुमी लिवा त्यांना, मास्तर."

"लिहितो," मी म्हणालो.