कप परत द्यायची फेरी

काचेचा आरसा होतो तो क्षण पाऱ्याने सात वर्षांत एकदाही पाहिला नाही. त्या वेळी तो चहा आणायला गेलेला असे.

पारा हे टोपणनाव. चौदाव्या वर्षी आरशांच्या कारखान्यात शिकायला लागला तेव्हा एका जागी ठरत नसे, म्हणून उस्तादांनी ठेवलेलं. खरं नाव पुढे फक्त धाकट्या बहिणीच्या लक्षात राहिलं, आणि तीही ते रागावल्यावरच घ्यायची.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. मध्ये टेबल, रस्त्याकडे मोठी खिडकी, मागच्या भिंतीला तयार आरसे. उस्ताद काच टेबलावर आडवी ठेवत, पावडरीने घासत, धूत, पुन्हा धूत. इथवर सगळं पाऱ्यासमोर. मग कपाटातून दोन बरण्या निघत आणि उस्ताद खिडकीकडे बघत म्हणत, "जा, चहा घेऊन ये. धावू नकोस, सांडतोस."

चहाचं दुकान रस्त्यापलीकडेच. तरी पंधरा मिनिटं जात. परत यावं तर काचेत छत उतरलेलं असे. ओल्या चांदीवर एक कोळिष्टक, एक दिवा, आणि कडेला उस्तादांची हनुवटी. दोघं चहा पीत. चहा संपला की उस्ताद म्हणत, "कप देऊन ये." तो कप देऊन येई, आणि मग काचेच्या पाठीला लाल रंग फासायचं काम त्याचं.

पगार नव्हता. दोन वेळचं जेवण आणि वर्षाला कपड्यांचा एक जोड. "शिकतोयस, वर पैसे मागतोस? खरं तर तूच मला द्यायला हवेस," उस्ताद म्हणत. हसून म्हणत, त्यामुळे राग कुठे ठेवावा ते कळत नसे. हात बसला की पगार, असं ठरलेलं. बसला की नाही, हे सांगणार उस्तादच. सात वर्षं पाऱ्याचा हात उभाच राहिला.

मग एका सकाळी उस्ताद खुर्चीतच गेले. त्यांच्या बायकोने किल्ली पाऱ्याच्या हातात ठेवली आणि भाडं वेळेवर देत जा म्हणाली. बरण्या कपाटात होत्या. आधी कुठली, किती, मग काय, हे कुठेच नव्हतं. अकरा काचा वाया गेल्या. बाराव्या काचेत एक दमलेला तरुण दिसला, आणि पाऱ्याला वाटलं, हा आत्ताच कुठून तरी चहा घेऊन आलाय.

त्याचे आरसे चांगले निघत. पण आठ-नऊ वर्षं झाली की कडांनी काळं चढे. खोलीत संध्याकाळ कोपऱ्यातून शिरते तसं, घाई न करता. उस्तादांचे आरसे गावभर होते, न्हाव्यांकडे, शिंप्यांकडे, कुणाच्या जिन्यात, आणि तीस वर्षांनीही त्यांच्या कडा नितळ. गिऱ्हाईक काळवंडलेला आरसा घेऊन आलं की पारा वाद घालत नसे. नवा द्यायचा, जुना मागच्या भिंतीला टांगायचा. अशा तीसेक आरशांत मिळून ती खोली आता उलटीसुलटी राहत होती.

झोपेत त्याला नेहमी एकच रस्ता दिसे. हातात दोन कप, समोर कारखान्याचं दार, आणि रस्ता पावलागणिक रुंद होत चाललेला. चहावर साय धरत जाई. दाराच्या आत कुणीतरी काहीतरी करत असे.

अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मनगटं थरथरू लागली होती. मोठी काच एकट्याने उचलवत नव्हती. दोन वर्षांपूर्वी बहिणीची मुलगी शिकायला आली ती म्हणूनच. सतरा वर्षांची, शांत, काचेला हात लावण्याआधी स्वतःचा हात पुसणारी. घरची पोर, तिला पगार कसला? दुपारचं जेवण होतं, येण्याजाण्याचं भाडं होतं. ती घासायची, धुवायची. बरण्या निघाल्या की पारा खिडकीकडे बघत म्हणायचा, "जा गं, चहा घेऊन ये." आणि नंतर, "कप देऊन ये."

उस्तादांनी गुपित लपवलं होतं. पारा लपवत होता ते गुपित नसणं.

एका गुरुवारी बहीण कारखान्यात आली. मुलगी बाहेर काच उतरवून घेत होती.

"दादा, तिला काच कापायच्या कारखान्यात बोलावलंय," बहीण स्टूल ओढून बसली. "महिन्याच्या महिन्याला पगार. हातमोजेसुद्धा देतात. शनिवारी उत्तर द्यायचंय."

"हातमोज्यांतून काच कळत नाही."

"पोट कळतं."

"अजून तिचा हात बसायचाय."

"दोन वर्षांत ती काय शिकली सांगू? समोरच्या चहात साखर कोणत्या वारी जास्त पडते ते. उस्तादांना तू शिव्या द्यायचास, माझ्या शेजारच्या अंथरुणात पडून. मी लहान होते, बहिरी नव्हते."

"घरचीच आहे ना ती."

"तेच म्हणते. परक्याची पोर अशी फुकट राबवली असतीस तर चार लोकांनी विचारलं असतं." मग तिने त्याचं खरं नाव घेतलं, एकदाच, आणि ती उठली.

पोर गेली तर कारखाना मिटणार, हे त्याला ठाऊक होतं. पण राहावी तर बरण्या तिच्यासमोर उघडायच्या, आणि मग ती पाहणार की मामाला काही येत नाही. दोन दिवस तो भिंतीवरच्या आरशांसमोरून मान खाली घालून गेला.

शनिवारी कपाटाच्या दाराची मोठी काच होती. दोघांनी ती धुतली. बरण्या निघाल्या. पाऱ्याने खिडकीकडे पाहिलं.

"जा गं," तो म्हणाला, आणि थांबला. मग म्हणाला, "नको जाऊस. इथेच उभी राहा."

ती उभी राहिली.

"मला हे कुणी शिकवलेलं नाही. मी अंदाजाने करतो."

"ठाऊक आहे, मामा."

"काय ठाऊक आहे?"

"तू आधी डावी बरणी हलवतोस. मग छताकडे बघतोस, वरून कुणी सांगणार असल्यासारखा. मग ओततोस."

"पाहिलंस कुठून?"

"चहाच्या दुकानातून. दुसऱ्या बाकावर बसलं की मागच्या भिंतीवरच्या आरशांत हे टेबल दिसतं."

पाऱ्याने बरणी खाली ठेवली. "दोन वर्षं बघतेयस?"

"चहा उकळायला वेळ लागतो." ती जरा हसली. "चहावाली मावशी तर उस्तादांच्या वेळेपासून बघतेय. ती म्हणते, तुझा मामा कडेला बोट लावत नाही. म्हातारा लावायचा."

"कसलं बोट?"

"तू कप द्यायला जायचास ना, तेव्हा. वाळलेल्या काचेच्या चारही कडांवरून वार्निशात बुडवलेलं बोट फिरवायचा. सावकाश. मावशीला वाटायचं, लाड करतोय."

सात वर्षं चहा आणताना तो झुरला होता, आत काय चाललंय म्हणून. रिकामे कप परत नेताना मात्र कधी मागे वळून पाहावंसं वाटलं नव्हतं. आत पाहण्यासारखं काही उरलंय, हे मनातच आलं नव्हतं.

"मला मावशी कधी बोलली नाही."

"तू कधी विचारलंस?"

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. तीस आरशांतून ती तीस दिशांना गेली.

"मामा, आज शनिवार आहे."

"तो काच कापायचा कारखाना देतो तेवढा पगार," तो म्हणाला. "आजपासून. आणि बरण्या तुझ्यासमोर उघडायच्या. पहिल्या दिवसापासूनच उघडायला हव्या होत्या."

"आणि मागची दोन वर्षं?"

त्याला उस्तादांसारखं हसता आलं असतं. ओठ त्या वळणावर गेलेही. "तीही देईन. एकदम नाही जमणार. दर महिन्याला थोडे वर."

"थोडे म्हणजे?"

"पगाराच्या चौथाईइतके."

तिने मनाशी काहीतरी जुळवलं. "बरं. आईला सांगते, तिकडे नाही म्हणून कळव." मग बरण्यांकडे बघून, "चहा?"

"चहा मी आणतो. तू ओत. डावी आधी. छताकडे बघायची गरज नाही."

दुकानात मावशी म्हणाली, "आज तू? पोरगी पळाली वाटतं."

"कामात आहे."

"मग बस की. तुझा जीव कायम दारात."

तो दुसऱ्या बाकावर बसला. रस्त्यापलीकडे, खिडकीच्या आत, काळ्या कडांच्या आरशांत दोन लहान हात दिसत होते. ते ओतत होते. एका आरशात काच पाण्यासारखी होती, तिरक्या लावलेल्या दुसऱ्या आरशात धूसर, आणि त्याने डोळे मिटून उघडले तोवर तिच्यात छत उतरू लागलं होतं. चव्वेचाळीस वर्षांनी तो ते बघत होता, आणि ते कुणी करत आहे असं वाटत नव्हतं, ते होत होतं.

तो कप घेऊन परतला, दोघांनी चहा प्यायला. काच वाळली. मुलीने वाटीतल्या वार्निशात बोट बुडवलं आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पारा कप उचलायला वाकला होता. तो तसाच सरळ झाला आणि तिच्या बोटाबरोबर टेबलाभोवती चालू लागला. ही कड नितळ राहते की नाही हे नऊ वर्षांनी कळणार होतं.

समोरून मावशीने हाक मारली, कप कधी आणताय म्हणून. मुलगी तिसऱ्या कडेवर होती. कुणीच गेलं नाही.