सावरीवरच्या भोरड्या

पाखरं वाचवायला गेले आणि मीच ती हाकलली. एवढा गाढवपणा अडाणी माणसाला जमत नाही. त्याला नव्यानं पक्षिमित्र झालेली शाळामास्तरीणच लागते.

पडेगावच्या रस्त्याला एक काटेसावर होती. थंडी सरली की लाल फुलांनी पेटायची, आणि उत्तरेकडं परत निघालेल्या भोरड्या, त्या गुलाबी अंगाच्या मैना, तिथं मुक्काम करायच्या. त्या वर्षी शिवार मुकं होतं. थवा उतरला तो एवढ्या एकाच झाडावर. आणि नेमकं तेच झाड रस्ता रुंद करण्यात जाणार होतं. आमच्या पक्षिमित्रांच्या गटातल्या कॉलेजच्या सरांनी खेटे घालून रस्त्याच्या साहेबाला राजी केलं. तो म्हणाला, "पाखरं दाखवा, झाड सोडतो. पण मी एकदाच येणार."

त्या सकाळी माझा थाट काय सांगू! पाखरं बुजू नयेत म्हणून मातकट लुगडं, बांगड्या सासूबाईंचे बोल खाऊन पिशवीत, आणि खोकणाऱ्या माणसालाही "शूऽऽ!"

साहेब जीपमधून उतरला. सरांनी दिलेली दुर्बीण तो डोळ्याला लावतोय, तेवढ्यात थवा झाडावरून सुटला आणि शेजारच्या पिकल्या शाळूवर पडला. कणसं वाकली. माझं सगळं लहानपण फर्दापूरकडं, बापाच्या ज्वारीत, माळ्यावर उभं राहून गोफण फिरवण्यात गेलेलं. मातकट लुगड्यातली ती विदुषी हात उंचावून बोंबलली, "हाऽऽ हो! हाऽऽ हो!" वर एक ढेकूळही भिरकावलं.

थवा उठला तो डोंगराआड गेला.

सर माझ्यावर कडाडले, "ओ बाई, पक्षी बघायला आलात का राखणीला?"

साहेब दुर्बीण उलटी धरून विचारत होता, "कुठंयत पाखरं?"

ती परतली नाहीत. साहेबही नाही.

या माणसाचा मला आजही संताप येतो. एवढं फुललेलं झाड पुढ्यात उभं, आणि ह्याला पुरावा पाहिजे! सावर काय पाखरं टांगायची खुंटी होती? हे मला तिथंच सुचायला हवं होतं. सुचलं घरी, भाकरी थापताना, आणि तिन्ही भाकरी करपल्या.

करवत लागली त्या दिवशी पदर खोचून गेले. बुंध्याला पाठ लावली, झाड पाडायला मात्र हजर झालेल्या साहेबाला नाय नाय ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला,

"बाई, पाखरं तुम्ही हाकलली. आम्ही तर नुसतं झाड काढतोय."