तांदळाच्या डब्यातला देव

क्षमा दहावीपर्यंत सात शाळा हिंडली आणि सातही शाळांत पहिल्याच दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसली. मागे बसलं की ओळखी व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात वडिलांची बदली यायची. वडील मुरलीधरराव रेल्वेत. कटनी, बीना, इटारसी, गोंदिया. लोक बदली रद्द करायला साहेबांच्या मागे लागत, हे मागून घेत. भटकंती आपल्या रक्तातच आहे, म्हणत. पूर्वज नागपूरकर भोसल्यांची पत्रं घेऊन धावायचे, धावता धावता जबलपुरात टेकले. आजोबा विष्णुपंत जमीनमोजणीच्या निमित्ताने अर्धा सातपुडा पायी फिरले. हा अभिमान येईल त्याला ऐकवला जाई. दर वेळी सामान घरातल्या बायकांनी बांधलं, एवढं मात्र गाळून.

सामानात देव सगळ्यांत शेवटी. कुलदैवताचा टाक, म्हणजे मूर्ती उठवलेला चांदीचा छोटासा पत्रा, तांदळाच्या डब्यात खुपसून न्यायचा आणि नव्या घरात पहिला भात त्याच तांदळाचा करायचा, ही घरची रीत. आईची कंबर धरली तेव्हापासून, म्हणजे नवव्या वर्षापासून, रोज सकाळी तो टाक चिंचेनं घासून धुवायचं काम क्षमाकडे आलं.

ती रडकी नव्हतीच. पण इटारसी सुटली त्या दिवशी तिनं मैत्रिणींच्या पत्त्यांची वही फाडून टाकली आणि ठरवलं, मोठी झाले की एका जागी राहीन. राहिलीही. जबलपुरात शिक्षिका झाली, मुख्याध्यापकपद दुसऱ्या गावी मिळत होतं ते सरळ नाकारलं. नवरा अनुपम जबलपूरच्याच दीक्षितपुऱ्यातला, चार पिढ्या एकाच गल्लीतला. तिनं नवरा नाही, गल्ली पसंत केली, अशी थट्टा अजून चालते आणि ती हसून कबूल करते.

आई गेल्यावर मुरलीधरराव देव घेऊन लेकीकडे आले. चार वर्षं राहिले, म्हणजे त्यांच्या मानानं फारच. मग क्षमाच्या धाकट्या भावानं, सुमेधनं पुण्यात घर घेतलं आणि त्यांनी जाहीर केलं की देव मुलाकडे जातात, आणि देव तिथे मी. क्षमाला ते लागलं. वडील हवे होते तिला. सात शाळांच्या काळात ते कायम ड्युटीवर, आता कुठे रोज समोर बसून चहा पीत होते. पण राहा म्हटलं म्हणून ते कधी कुणासाठी राहिले नव्हते, म्हणून तिनं तोंड उघडलं नाही.

टाक पार गुळगुळीत झाला होता. असा झिजलेला देव नव्या घरात कसा न्यायचा, म्हणून नवा घडवायला दोघं सराफ्यात गेले. कारागिरानं तो उलटसुलट करून पाहिला आणि साधाच प्रश्न विचारला, "बाबूजी, इसमें बनाना क्या है?"

मुरलीधररावांना सांगता येईना. नागपूरच्या चुलतभावाला फोन लावला, तो म्हणाला भवानी. इंदूरचा म्हणाला भैरव. जन्मभर घराण्याचा इतिहास सांगणारा माणूस दुकानातल्या स्टुलावर गप्प बसला. क्षमाला त्यांची कीव आली.

तिनं टाक हातात घेतला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. मग कारागिराला हिंदीतून सांगितलं: खंडोबा. ही घोड्याची मान, मागे म्हाळसा बसलेली, आणि खाली पायाशी कुत्रा, शेपूट वर. कारागिरानं भिंग लावलं. शेपटीची रेघ होती.

"तुला कसं काय माहीत?" मुरलीधररावांनी विचारलं.

"नऊ वर्षांची होती तेव्हापासून धुऊन राहिली ना मी, बाबा. तुम्ही नमस्कार करून ड्युटीवर चालले जात होते."

"मग इतका झिजला कसा?"

"चिंचेनं, आणि तांदळात घासून. सतरा घरं बदलली आपण. याचे नाक-डोळे आपल्याच भातात गेले."

आठ दिवसांनी नवा टाक आला. तो त्यांनी स्वतः क्षमाच्या देव्हाऱ्यात ठेवला आणि सुमेधला फोन केला. देव क्षमाकडे राहतील, म्हणाले, घरात त्यांना ओळखणारी ती एकटीच आहे. सुमेध थोडा फुगला, मग मुकाट्यानं बरं म्हणाला.

पुण्याला जायचं मात्र होतंच. पाय स्वस्थ बसतील तर ते मुरलीधरराव कसले. क्षमा मोबाइलवर तिकीट काढायला बसली. एकाच बाजूचं, हे ती धरूनच चालली होती.

मुरलीधरराव चष्मा पुसत होते. म्हणाले, "परतीचंही काढून घे. पंधरा दिवसांनंतरचं."

त्या घराण्यात कुणी परतीचं तिकीट काढल्याचं क्षमाला माहीत नव्हतं. तिनं पंधराचे बारा दिवस केले आणि तिकीट काढून टाकलं.