जांभळ्या दोऱ्याचं घर

आईचा फोन दुपारी आला. ऑफिसच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, म्हणून मी जिन्यात जाऊन उचलला. "मास्टर गेले वं," ती म्हणाली. "सकाळी चहा घेतला, मशीनवर बसले, अन् बसल्या जागीच…" मग ती म्हणाली, "माह्या ब्लाउजचं कापड त्यायच्याकडेच राह्यलं," आणि आपण हे काय बोललो ते लक्षात येऊन रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला अशा वेळी काहीच येत नाही. मी जिन्यातल्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. ही वणीची, आमच्या कोळशाच्या गावची सवय आहे. नागपूरला येऊन दोन वर्षं झाली तरी गेलेली नाही. बोट जवळजवळ स्वच्छ होतं.

सत्तार मास्टर आमच्या गल्लीतले लेडीज टेलर, आणि 'टाकीमागील रहिवासी समिती'चे सचिव. पाण्याच्या जुन्या टाकीमागे आमची गल्ली आहे. गल्लीला दुसरं नाव नाही, म्हणून समितीलाही नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर बैठक असायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि पायाचं मशीन दाराच्या आत, ओट्याकडे तोंड करून. लोक सतरंजीवर बसत, मास्टर मशीनवर. बैठकीसाठी काम थांबवणं त्यांना मान्य नव्हतं. कोणी कामाचं बोलायला लागलं की मशीन थांबायचं. बोलणारा भरकटला की पुन्हा सुरू व्हायचं, आधी हळू, मग जोरात, आणि त्या खडखडाटात त्याचं उरलेलं भाषण बुडून जायचं. निवृत्त शिक्षक भोयर गुरुजींना हे सगळ्यात जास्त सोसावं लागे. "मास्टर, माझा मुद्दा पूर्ण होऊ द्या," ते ओरडायचे. मास्टर मान वर न करता म्हणायचे, "गुरुजी, मुद्दा झाला मघाशीच. आता तुम्ही त्याले झालर लावून राह्यले."

मी बारावीत असताना पहिल्यांदा त्या बैठकीला गेले. बाबा कोळसा खाणीच्या ऑफिसात कामाला आहेत. त्या रविवारी त्यांची ड्युटी होती आणि आईला स्वयंपाक होता. दर घरातून एक माणूस यायलाच हवं, असा मास्टरांचा नियम. मी ओट्याच्या कडेला खांबाला टेकून बसले आणि तासभर कोणाशी एक शब्द बोलले नाही. उठताना त्यांनी मला हाक मारली. हातात लांबट वही दिली. "बेटा, तू बोलत नाहीस ना? मंग पुढच्या टायमाले तू लिहून घे. जो बोलत राह्यते त्याले दुसऱ्याचं ऐकू येत नाही." मी म्हटलं, माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, माझं मराठी लिहिणं चांगलं नाही. ते हसले. "माही उर्दू शाळा. तू लिहिलेलं मले वाचता येनार नाही, अन् म्या सांगतलेलं तुले लिहिता येनार नाही. बराबर जमते आपलं."

वाचता येत नाही, म्हणून बैठक संपताना मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं ठरलं. मोठ्यानं म्हणजे काय, माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नसे. पण मी वही उघडली की मशीन थांबायचं. आवाज वाढव, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पाय मशीनच्या पट्टीवर तसाच ठेवून वाट बघत बसायचे… पुढे खूप दिवसांनी मला समजलं, की त्यांना मराठी वाचता येत होतं. मापाच्या वहीत बायकांची नावं ते मराठीतच लिहीत.

त्याच वर्षी कोळशाचे ट्रक आमच्या गल्लीतून जायला लागले. मोठ्या चौकातली गर्दी चुकवायला कोणा ड्रायव्हरनं हा रस्ता शोधला, आणि मग सगळ्यांनाच तो सापडला. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी. वाळवण बंद झालं, दारं बंद झाली. बैठकीत प्रत्येकाची वेगळी तक्रार असायची. मास्टर मात्र स्वतःची तक्रार कधी मांडत नसत. मांडायला सगळ्यात मोठी त्यांचीच होती. चाचीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितल्यापासून ती आतल्या खोलीत खिडकी लावून असायची. पूर्वी आमच्या बैठकीचा चहा ती स्वतः ओट्यावर आणून द्यायची, कोणाला साखर कमी ते न विचारता. आता पडद्यामागून नुसती कपांची किणकिण ऐकू यायची आणि मधूनच खोकला. खोकला आला की मशीन जोरात चालायचं. हे मी वहीत कधी लिहिलं नाही, पण दर वेळी ऐकलं.

समितीनं नगरपालिकेच्या कचेरीत दोन अर्ज दिले. पुरावा आणा, असं उत्तर मिळालं. पुढच्या रविवारी मास्टरांनी पांढऱ्या अस्तराच्या कापडाचे हातरुमालाएवढे चौकोन कापून ठेवले होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर मी मार्करनं घराचं नाव लिहिलं. योजना सोपी होती: प्रत्येकानं आपलं फडकं आठ दिवस घराबाहेर टांगायचं, नवव्या दिवशी मास्टर गोळा करणार आणि साहेबांच्या टेबलावर ठेवणार. "भाषनाची गरजच नाही," ते म्हणाले आणि गुरुजींकडे बघून डोळा मिचकावला.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या अंगणात आले, तर आई बादलीत फडकं भिजवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "असं काळंकुट्ट पाठवू का कचेरीत? आपलं नाव हाय त्याच्यावर. लोक म्हनतीन, पोरगी इंग्रजी शाळेत अन् घरात साबन नाही." तिनं ते चोळलं, पिळलं, शेवटी नीळ दिली. मला सगळं माहीत होतं. ते फडकं कशासाठी आहे हे त्या घरात सगळ्यात चांगलं मलाच माहीत होतं, कारण नाव माझ्याच अक्षरात होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. आईशी वाद नको, एवढंच मनात आलं, आणि मी आत जाऊन अभ्यासाचं पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी मास्टर दारोदार फिरले. मी वही घेऊन मागे. पहिल्या घरातून फडकं आलं ते दुधासारखं. दुसऱ्या घरातून इस्त्री करून, घडी घालून. तिसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, "मास्टर, डाग जरा राह्यला बरं, दोनदा धुतलं तरी." गल्लीतल्या एकूण एक बाईनं फडकं धुऊन दिलं होतं, कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मास्टरांनी तो पांढरा गठ्ठा ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. ते चिडतील असं मला वाटलं. ते इतके हसले, इतके हसले, की आतून चाचीनं विचारलं, "क्या हुआ जी?" त्यांनी तिला सांगितलं. मग तीही हसली आणि हसता हसता तिला खोकला लागला. तो लवकर थांबला नाही. मास्टर आत गेले. ओट्यावर तो शुभ्र गठ्ठा आणि मी… माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लाज मला त्या दिवशी वाटली, आणि ती दिसायला अगदी स्वच्छ होती.

चूक कुठे झाली ते मास्टरांना चटकन समजलं. "नावानं घोटाळा केला," ते म्हणाले. "घराचं नाव लिहिलं तर बाई मळकं कशी देईल?" टेलर लोक गिऱ्हाइकाच्या कपड्याला ओळखीसाठी रंगीत दोऱ्याचा टाका घालतात आणि काम पूर्ण झालं की देताना तो उसवून टाकतात. मास्टरांनी नव्या चौकोनांना तसेच टाके घातले, दर घराचा वेगळा रंग. कुठला रंग कोणाचा, ते फक्त त्यांना आणि माझ्या वहीला माहीत. भोयर गुरुजींचा पोपटी. आमचा जांभळा. नाव गेल्यावर लाजही गेली. या वेळी फडकी अशी काळी आली, की बायकांमध्ये कोणाचं जास्त काळं यावरून चुरस असावी.

कचेरीत आम्ही पाच-सहा जण गेलो; माझ्या पिशवीत वहीसोबत आधीच्या धुतलेल्या फडक्यांचा गठ्ठाही होता. मास्टरांनी फडकी टेबलावर पसरली. साहेबांनी एक उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हे काय, राखेत लोळवून कोणीही आणेल. यावर घराचं नावसुद्धा नाही." मग गुरुजी पुढे सरले आणि त्यांनी पंचमहाभूतांपासून सुरुवात केली. साहेब घड्याळ बघू लागले. मी मास्टरांकडे पाहिलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, चेहऱ्यावर काही नाही, पण त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलत होता. टाच, चवडा, टाच, चवडा. तिथे मशीन नव्हतं, तरी ते चालवत होते. आणि का कोण जाणे, मला एकदम पडद्यामागचा तो खोकला आठवला.

"सर," मी म्हटलं. आवाज कोणाचा आला हे मलाही क्षणभर समजलं नाही. "सर, याच्या आधी नाव लिहून फडकी टांगली होती. ती सगळ्यांनी धुऊन दिली. माझ्या आईनं नीळ घालून दिली. मी बघत होते, तरी मी तिला थांबवलं नाही." साहेबांनी घड्याळावरून नजर काढली. मी पिशवीतला तो पांढरा गठ्ठा काढून काळ्या फडक्यांशेजारी ठेवला. "खोटं आणायचं असतं, तर पहिल्यांदाच आणलं असतं ना? आमच्या गल्लीला मळकं फडकं दुसऱ्याला दाखवायची लाज वाटते, सर. ही नाव काढल्यावर मिळाली. कोणत्या दोऱ्याचं घर कोणाचं, ते वहीत आहे." मी वही उघडली. खाली पाहिलं तर मास्टरांचा पाय थांबला होता.

साहेब आधी हसले, मग त्यांनी वही मागितली. काही महिन्यांनी गल्लीच्या तोंडाशी उंच गाड्या अडवणारी लोखंडी कमान बसली. पुढच्याच बैठकीत, आता मांडववाल्याची गाडी कशी येणार, म्हणून पहिली तक्रार आली, हेही नोंदवायला हवं. पण त्या बैठकीला चहाचा ट्रे घेऊन चाची स्वतः ओट्यावर आली होती. माझ्या हातात कप देत म्हणाली, "तेरे में शक्कर ज्यादा, याद है मेरेको."

त्या दिवशी कचेरीतून परत येताना, घर जवळ आल्यावर मास्टर एवढंच म्हणाले होते, "आईले सांगू नको, तू तिचं नाव घेतलं म्हनून." मग दोन पावलं चालून, "तुमच्या घरची नीळ सगळ्यात गडद होती. तू पाह्यलं असशीन, हे मले तेव्हाच समजलं होतं." आईला अर्थात गुरुजींनी त्याच दिवशी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगत होती, "माही पोट्टी साहेबासमोर बोलली नं."

मास्टरांना जाऊन महिना झाल्यावर पहिला रविवार आला. मी आदल्या दिवशी एसटीनं वणीला गेले. ओट्यावर सतरंजी अंथरलेली, दाराला पडदा. आत चाची इद्दतमध्ये होती, नवऱ्यामागे पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात. पडद्याच्या खाली मशीनची पट्टी तेवढी दिसत होती. श्रद्धांजलीला गुरुजी उभे राहिले. ते चांगलं बोलत होते, खरंच चांगलं. पण मग मास्टरांवरून एकोप्यावर गेले, एकोप्यावरून देशावर… आणि त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं. त्यांनाही ते जाणवलं असावं. मध्येच अडखळत, दाराकडे बघत, ते उगाच वाक्यं वाढवत राहिले. तेवढ्यात पडद्याआड मशीन सुरू झालं. आधी हळू, मग जोरात. गुरुजी थांबले. कोणीतरी हसलं, मग सगळेच, आणि गुरुजी हसता हसता खाली बसले आणि त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग मी त्या दिवशीची नोंद लिहिलेली वही उघडली. मशीन थांबलं. मी वाचलं, शेवटच्या रांगेपर्यंत.

नंतर मी आत गेले. चाचीनं कपाटातून आईचा ब्लाउज काढला. बाह्या जोडलेल्या, हुक लावलेले, सगळं पूर्ण. "उस सुबह यही लेके बैठे थे," ती म्हणाली. आतल्या शिवणीपाशी जांभळ्या दोऱ्याचा टाका होता. ती म्हणाली, तो काढायचा तेवढा राहिला, आणि तिनं कात्री हातात घेतली.

"राहू द्या, चाची," मी म्हटलं. लगेच म्हटलं, विचार न करता.

आईनं तो ब्लाउज आतापर्यंत दोनदा घातला आणि दोनदा धुतला. दोरा अजून तसाच आहे.